‘सारखा’ला त्या भाषेत काय म्हणतात? साम्य दाखवणाऱ्या रचना शोधायची आणि नोंदवायची पद्धत

शब्दकोशात ‘सारखा’ काढला की समोर एक शब्द येतो. तो वहीत उतरवून पुढे गेलात, की चार वाक्यांनंतर अडचण सुरू होते. मराठीतला ‘सारखा’ एकटाच बरीच कामं उरकतो: दिसण्यातलं साम्य, वागण्यातलं साम्य, दोन गोष्टी समान असल्याचं सांगणं, उदाहरण देणं, आणि वर ‘सारखा बडबडतो’ यातलं सातत्यसुद्धा. दुसरी भाषा हीच कामं चार शब्दांत वाटते, किंवा एखादं काम शब्दाला न देता विभक्तीकडे, क्रियापदाकडे नाहीतर द्विरुक्तीकडे सोपवते. म्हणून आधी कामांची यादी करायची आणि मग त्या भाषेत ते काम कोण करतं ते शोधायचं. भाषा शिकणारा, अनुवादक आणि व्याकरण नोंदवणारा, तिघांनाही हाच क्रम चालतो. शिकणाऱ्याने पहिल्या चार पायऱ्या नीट केल्या तरी त्याचं भागतं.

पायरी १: वाक्याचे पाच भाग सुटे करा

शाळेतल्या अलंकारांच्या धड्यात भेटलेल्या संज्ञा इथे फार कामाच्या आहेत. ‘ती आईइतकी उंच आहे’ या वाक्यात ‘ती’ उपमेय, ‘आई’ उपमान, ‘उंच’ हा साधारण धर्म आणि ‘इतकी’ हा साम्यवाचक शब्द. त्यात पाचवा भाग मिळवा: मात्रादर्शक. ‘आई जितकी उंच आहे तितकीच ती उंच आहे’ असं वाक्य फोडलं की तो दिसतो. ‘तितकी’ धर्माची मात्रा सांगते, ‘जितकी’ उपमानाकडे बोट दाखवते.

प्रत्येक भाषेसाठी प्रश्न एकच: या पाचांपैकी कोणते भाग उच्चारले जातात, आणि कुठे? इंग्रजी ‘ॲज टॉल ॲज’ म्हणताना पहिला ‘ॲज’ मात्रादर्शक असतो, दुसरा साम्यवाचक. तुर्की एकाच शब्दावर भागवते: ‘बेनिम कदार उझुन’, म्हणजे माझ्याइतका उंच. वेल्शमध्ये विशेषणालाच समतेचं रूप आहे. ‘क्रीव’ म्हणजे बलवान, त्याचं समतादर्शक रूप ‘क्रवेद’. आधी ‘किन’ आणि नंतर ‘आ’ येतं, शिवाय ‘किन’मुळे पहिलं व्यंजन मऊ होऊन ‘किन ग्रवेद आ’ असं ऐकू येतं. वेल्श विशेषणांना आपल्या ओळखीच्या तीन नव्हे तर चार पायऱ्या आहेत. इंडोनेशियन भाषा विशेषणाला पुढून ‘से’ जोडते: ‘तिंगी’ उंच, ‘सेतिंगी साया’ माझ्याइतका उंच. योरुबाचा मार्ग अगदी वेगळा. तिथे ‘ओ गा तो मी’ म्हणतात आणि त्यातला ‘तो’ हे पोहोचणे या अर्थाचं क्रियापद आहे. शब्दशः: तो उंचीत माझ्यापर्यंत पोहोचतो.

‘त्या भाषेत इतका या अर्थाचा शब्दच नाही’ असा निष्कर्ष घाईने काढला जातो तो इथेच. शब्द नसेल, पण काम विशेषणाने किंवा क्रियापदाने उचललेलं असेल.

पायरी २: चाचणीची वाक्यं तयार ठेवा

पुढची १४ वाक्यं बहुतेक भाषांना पुरतात. शब्द बदला, पण रचनेतला फरक जपा.

१. ती आईसारखी दिसते.
२. ती आईसारखी गाते.
३. ती आईइतकी उंच आहे.
४. ती आईइतकी उंच नाही.
५. दोघींची उंची सारखी आहे.
६. तिच्याकडे आईइतकीच पुस्तकं आहेत.
७. मला आईसारखी एक बाई भेटली.
८. ती माझ्यासारखी बोलते.
९. आई गायची तशीच ती गाते.
१०. ती शिक्षिका म्हणून काम करते. तिची बहीण शिक्षिकेसारखी बोलते.
११. जणू काही ऐकलंच नाही, अशी ती बसून राहिली.
१२. वाघासिंहांसारखे प्राणी मांस खातात.
१३. कापड लालसर आहे.
१४. ही तीच गाडी आहे. ही तशीच गाडी आहे.

वाक्य १, २, ३ आणि ६ हा गाभा आहे. गुण, रीत, मात्रा आणि संख्या या चार कामांना ती भाषा किती शब्द देते ते त्यातून कळतं. गुजराती तीन शब्द ठेवते: गुणासाठी ‘जेवो’, रीतीसाठी ‘जेम’, मात्रेसाठी ‘जेटलो’. बास्कमध्ये रीतीला ‘बेसाला’, मात्रेला ‘बेसायन’, संख्येला ‘बेसायनबेस्ते’, आणि नामाला विशेषण म्हणून जोडायचं असेल तर ‘बेसालाको’. मराठी या दोन्हींपेक्षा कमी शब्दांत भागवते. ‘सारखा’ गुण आणि रीत दोन्ही सांभाळतो. ‘इतका’ आणि ‘एवढा’ मात्रा सांभाळतात. ‘प्रमाणे’ रीतीत ‘सारखा’ची जागा घेऊ शकतो, पण त्याचं स्वतःचं खास क्षेत्र आहे: बरहुकूम. ‘ठरल्याप्रमाणे’, ‘नियमाप्रमाणे’ इथे ‘सारखा’ चालत नाही. म्हणून चौदांच्या जोडीला ‘सांगितल्याप्रमाणे केलं’ हे वाक्यही विचारून टाका. काही भाषांत साम्य आणि बरहुकूम यांना एकच शब्द असतो, काहींत ते पूर्ण वेगळे.

साम्य कशातलं, याकडे पाणिनीचं लक्ष फार बारकाईने गेलं होतं. ‘तेन तुल्यं क्रिया चेद्वतिः’ (५.१.११५) या सूत्राप्रमाणे ‘वत्’ हा प्रत्यय साम्य क्रियेतलं असेल तरच लागतो. जाडी किंवा रंगातल्या साम्याला तो लागू नाही. मराठीत ‘पुत्रवत सांभाळलं’ म्हणतो पण ‘पुत्रवत जाड’ म्हणत नाही, ते याच मर्यादेमुळे.

पायरी ३: विचारायचं कसं

यादी हातात घेऊन ‘याला काय म्हणाल, त्याला काय म्हणाल’ असं विचारत सुटलात तर उत्तरं मराठीच्या साच्यात येतील. सांगणारा माणूस सौजन्याने तुमच्या वाक्याची रचनाच त्याच्या भाषेत उतरवून देतो. त्यावर उपाय म्हणजे वाक्याऐवजी प्रसंग द्यायचा. दोन काठ्या शेजारी ठेवा, एकदा बरोबर मापाच्या, एकदा कमी-जास्त, आणि बघून काय म्हणाल ते विचारा. एखाद्याची नक्कल करणारा माणूस दाखवा. रंगाचे तुकडे पसरा आणि दोन रंगांच्या मधला तुकडा उचला.

प्रत्येक वाक्यात उपमान तीन प्रकारे बदलून बघा: माणसाचं नाव, निर्जीव वस्तू आणि सर्वनाम. एका बैठकीत वीसपेक्षा जास्त वाक्यं घेऊ नका. त्यापुढे सांगणाऱ्याला आधीचा साचा सोडवत नाही आणि सगळी उत्तरं एकसारखी येऊ लागतात. किमान दोन, जमल्यास तीन माणसांकडून तीच वाक्यं वेगवेगळ्या क्रमाने घ्या. शेवटी तुम्ही स्वतः मुद्दाम चुकीची वाक्यं बांधून ‘असं म्हणता येईल का?’ विचारा. नकार हीच इथली सर्वांत मोलाची माहिती असते. ‘हो, म्हणता येईल’ यावर मात्र लगेच भरवसा नको. पाठोपाठ ‘तुम्ही स्वतः म्हणाल का?’ हे विचाराच.

ठरीव उपमा सुरुवातीला बाजूला ठेवा. चंद्रासारखं तोंड आणि कमळासारखे डोळे विचारायला घेतले, की समोरचा वाङ्मयीन भाषेत शिरतो आणि रोजच्या बोलण्यातले शब्द मागे पडतात.

पायरी ४: उपमानाचं रूप तपासा

मराठीत ‘सारखा’ सामान्यरूपाला लागतो: घोडा, घोड्यासारखा. बोलायला लागल्यावर आपण हे कधी विसरत नाही, म्हणूनच परक्या भाषेत उपमानाचं रूप बदलेल ही शंकाच येत नाही. तमिळमध्ये ‘पोल’च्या आधी द्वितीया येते: ‘अम्मावैप् पोल’. मराठी माणसाला ती तिथे अनपेक्षित वाटते, पण ‘पोल’ मुळात ‘साम्य असणे’ या अर्थाच्या क्रियापदापासून आला आहे आणि क्रियापदाला कर्म लागणारच. कन्नड ‘हागे’ षष्ठी मागतो: ‘नन्न हागे’, माझ्यासारखा. संस्कृतात तुल्य, सदृश यांच्याबरोबर तृतीया आणि षष्ठी दोन्ही चालतात: ‘देवदत्तेन तुल्यः’ आणि ‘देवदत्तस्य तुल्यः’. पाणिनीने ही मुभा २.३.७२ या सूत्रात दिली आहे. तुला आणि उपमा हे दोन शब्द त्यातून वगळले आहेत.

सर्वनामं वेगळी वागतात. तुर्कीत ‘आहमेत गिबी’ म्हणताना नाम जसंच्या तसं राहतं, पण ‘माझ्यासारखा’ म्हणायचं तर षष्ठी येते: ‘बेनिम गिबी’. अरबीत ‘क’ हा एकाक्षरी साम्यवाचक नामाला पुढून चिकटतो, ‘कल्-असद’ म्हणजे सिंहासारखा; प्रमाण गद्यात मात्र तो सर्वनामाच्या प्रत्ययाला चिकटत नाही, तिथे ‘मिथ्ल’ हा वेगळा शब्द घ्यावा लागतो. हिब्रूतही नामाला ‘के’ लागतो, सर्वनामापाशी त्याचं रूप ‘कामो’ होतं: ‘कामोनी’, माझ्यासारखा. वाक्य ८ यादीत वेगळं ठेवलंय ते यासाठी. फक्त नामांवर नियम बांधला, तर बोलताना पहिल्याच ‘माझ्यासारखा’ला तो मोडतो.

काही भाषांत साम्य हीच एक विभक्ती आहे. सुमेरी भाषेत ती होती, ओसेटियनमध्ये आजही आहे. जॉर्जियनमध्ये ‘वित’ नामाला जोडला जातो: ‘म्गेलिवित’, लांडग्यासारखा. ग्रीनलँडच्या भाषेत ‘तुत’ किंवा ‘सुत’ हे साम्यविभक्तीचे प्रत्यय, आणि गंमत अशी की त्या भाषेचं नावच ‘कलाल्लिसुत’, म्हणजे ग्रीनलँडच्या लोकांसारखं. कॅनडातल्या इनुक्टिटुट या भाषानामातही हीच विभक्ती आहे. तुर्कीचं स्वतःच्या भाषेसाठीचं नाव ‘त्युर्कचे’. त्यातला ‘चे’ तोच, जो ‘चोजुकचा’ म्हणजे ‘पोरासारखं’ यात ‘चा’ होऊन येतो. स्वाहिलीत ‘की’ हा उपसर्ग रीत दाखवतो: ‘किटोटो’ म्हणजे लहान मुलासारखं, आणि किस्वाहिली म्हणजे स्वाहिली लोकांच्या रीतीने. एकमेकांशी नातं नसलेल्या तीन भाषाकुलांत भाषेचं नाव ‘अमक्यांसारखं’ असं बनलेलं आहे. एखाद्या अपरिचित भाषेत रीतीचा प्रत्यय सापडत नसेल, तर त्या लोकांनी भाषांना दिलेली नावं तपासून बघायला हरकत नाही. कधी कधी तिथेच हाताला लागतो.

पायरी ५: खरोखरचा, की नुसता सारखा?

यास्काने निरुक्तात, म्हणजे वैदिक शब्दांचा अर्थ उलगडणाऱ्या आपल्या ग्रंथात, उपमेबद्दल गार्ग्य या जुन्या आचार्याचं मत दिलं आहे: ‘यदतत् तत्सदृशम्’. जे ते नाही, पण त्याच्यासारखं आहे. व्याख्या नेमकी आहे, पण प्रत्यक्ष भाषा ती सरसकट पाळत नाहीत. ‘आईसारखी माया’ म्हटलं की माया करणारी बाई आई नसते. ‘वाघासिंहांसारखे प्राणी’ म्हटलं की त्या गटात वाघ-सिंह धरलेलेच असतात. मराठी दोन्हीकडे एकच शब्द वापरते आणि आपण संदर्भावरून समजून घेतो. अनुवादात हाच शब्द सर्वांत जास्त दगा देतो, विशेषतः कायदेशीर आणि तांत्रिक मजकुरात. ‘दुचाकीसारखी वाहनं’ यात दुचाकी आली की नाही, हे आधी मूळ मजकुरावरून ठरवा आणि मगच शब्द निवडा.

जपानी इथे कडक आहे. ‘ओतोको राशी’ म्हणजे पुरुषाला शोभेल असा, आणि ते सहसा पुरुषाबद्दलच म्हटलं जातं. ‘ओतोको नो यो’ म्हणजे पुरुष नाही पण पुरुषासारखा. तिसरा प्रत्यय ‘प्पोई’, त्याला बऱ्याचदा नापसंतीची छटा असते: ‘कोदोमोप्पोई’, मोठा माणूस पोरकटपणा करतो तेव्हा. मराठीत ‘पोरकट’मधला ‘कट’ जवळपास हेच काम करतो. निरागस आणि पोरकट यांतला फरक प्रत्ययाने सांभाळला जातोय हे ध्यानात आलं, की जपानीतल्या या त्रिकुटाचं कोडं बरंचसं सुटतं.

दुसरी जोडी भूमिकेची, वाक्य १०. मराठी ‘म्हणून’ आणि ‘सारखा’ वेगळे ठेवते. स्पॅनिशमध्ये शब्द एकच, ‘कोमो’, आणि सगळा फरक एका उपपदावर: ‘त्राबाखा कोमो मेदिको’ म्हणजे डॉक्टर म्हणून काम करतो, ‘कोमो उन मेदिको’ म्हणजे डॉक्टरसारखं. ते छोटंसं ‘उन’ गळालं, की माणसाला पदवी मिळते. हंगेरियन भूमिकेसाठी स्वतंत्र प्रत्यय वापरते, ‘केंट’. फिनिश भाषा ‘ना’ ही विभक्ती: ‘ओपेत्तायाना’ शिक्षक म्हणून, ‘कुइन ओपेत्ताया’ शिक्षकासारखा.

वाक्य १४ मध्ये तिसरी जोडी आहे. ‘तीच गाडी’ आणि ‘तशीच गाडी’ हा भेद जर्मन ‘दासेल्बे आउटो’ आणि ‘दास ग्लायशे आउटो’ असा करते, जरी बोलताना लोक तो नेहमी पाळतात असं नाही. इंग्रजीचा ‘सेम’ दोन्हींना पुरतो. मूळ मजकूर इंग्रजी असेल तर मराठीत ‘तोच’ की ‘तसाच’ याचा निर्णय तुम्हालाच घ्यावा लागतो, आणि तो चुकला तर अर्थ उलटा होतो.

पायरी ६: नकार

वाक्य ४ ही वाक्य ३ ची नकारार्थी जोडी दिसते, पण तर्काने बघा. ‘आईइतकी उंच नाही’ याचा नुसता अर्थ ‘उंची समान नाही’ एवढाच निघायला हवा. ती आईपेक्षा उंचही असू शकते. प्रत्यक्षात ऐकणारा ‘आईपेक्षा बुटकी’ असंच समजतो. मग ‘समान नाही, कमी की जास्त ते माहीत नाही’ हे कसं म्हणायचं? मराठीत वाक्य ५ ला नकार देऊन: ‘दोघींची उंची सारखी नाही.’

चिनी मंडारिनमध्ये होकाराची आणि नकाराची रचनाच वेगळी. ‘ता गन वो ईयांग गाओ’, तो माझ्याइतका उंच. माझ्यापेक्षा कमी असेल तर ‘ता मेइ-यौ वो गाओ’. पहिल्या वाक्यात ‘ईयांग’च्या आधी नकार घातला, तर अर्थ ‘आमची उंची वेगवेगळी’ एवढाच राहतो. जपानी होकारात ‘ओनाजी कुराई’ म्हणते आणि नकारात ‘होदो’. होकाराची रचना शिकून तिला नकार जोडला की काम झालं, ही समजूत या दोन्ही भाषांत चुकवते. म्हणून ४ नंबरचं वाक्य कधीही गाळू नका.

गुणाच्या वाक्यात नकार आणखी एक गोंधळ घालतो. ‘तो वडिलांसारखा शांत नाही.’ वडील शांत आहेत आणि हा नाही, की दोघेही नाहीत? लिहिताना संशय ठेवायचा नसेल तर दुसऱ्या अर्थासाठी ‘वडिलांसारखाच तोही शांत नाही’ असं मोडून लिहा. ज्या भाषेचा अभ्यास करताय तिच्यातही हे वाक्य दोन प्रसंग देऊन विचारा.

पायरी ७: उपमान कोणाच्या जागी बसतंय?

या पायरीला वेळ द्या, कारण चुका इथे लपून राहतात. ‘तो मला भावासारखा वागवतो.’ तो भाऊ असल्यासारखा वागतो, की मला भाऊ मानून वागवतो? उपमान कर्त्याशी जोडायचं की कर्माशी, हे मराठी सामान्यरूपात पुसून टाकते. जर्मनमध्ये विभक्ती बोलते: ‘वी आइन ब्रूडर’ म्हटलं तर कर्त्याशी तुलना, ‘वी आइनेन ब्रूडर’ म्हटलं तर कर्माशी. जर्मनमधून मराठीत आणताना ही माहिती गळू द्यायची नसेल तर वाक्य उलगडावं लागतं: ‘भाऊ वागवील तसं तो मला वागवतो’ किंवा ‘भावाला वागवावं तसं तो मला वागवतो’. थोडं लांबतं, पण दुसरा स्वच्छ मार्ग नाही.

‘तिचे डोळे आईसारखे आहेत’ हे वाक्यही विचारून ठेवा. तर्काने डोळ्यांची तुलना आईशी नाही, आईच्या डोळ्यांशी आहे. मराठीला ‘आईसारखे’ चालतं, कुणी ‘आईच्यासारखे’ही म्हणतं. फ्रेंचसारख्या भाषेत काळजीपूर्वक लिहिताना ‘आईच्या त्यांसारखे’ अशा अर्थाचं सर्वनाम मध्ये घालतात.

दिशाही तपासायला हवी. ‘मुलगी आईसारखी दिसते’ सहज वाटतं. ‘आई मुलीसारखी दिसते’ म्हटलं की ऐकणारा थबकतो, जरी साम्य दोन्हीकडून तेवढंच असलं तरी. जपानीत ‘आईसारखी दिसते’ म्हणताना आईला ‘नी’ लावला तर आई हा मापदंड ठरतो, ‘तो’ लावला तर दोघी एका पातळीवर येतात. स्वाहिलीतलं ‘फनाना’ हे साम्याचं क्रियापद परस्परदर्शक घडणीचं आहे आणि उपमान ‘ना’ म्हणजे ‘शी’ने जोडलं जातं. वारशाने आलेल्या साम्याला वेगळी रचना आहे का, तेही बघा. मराठीत ‘मुलगी आईवर गेली’ म्हणतो, जर्मनही गतीचंच क्रियापद वापरते, फक्त तिथे मुलगी आईच्या मागोमाग ‘येते’. या रचना नक्कल करणाऱ्याला लागत नाहीत, एवढ्यावरून त्या ‘सारखा’पासून वेगळ्या काढता येतात.

पायरी ८: शब्दाच्या पोटातलं साम्य

वाक्य १३ वरवर किरकोळ वाटतं. पण ‘सर’, ‘कट’ असे प्रत्यय (लालसर, ओलसर, तेलकट, मातकट) म्हणजे साम्याची पातळ आवृत्तीच: पूर्ण लाल नाही, लालाच्या जवळचं. संस्कृत याच कामाला ‘कल्प’ वापरते. तुर्कीत ‘येशिलिम्सी’ म्हणजे हिरवट. हे प्रत्यय कशाला लागतात याची यादी करा: फक्त रंगांना, की चवींना, वस्तूंना, माणसांनाही? मराठी ‘सर’ रंग, चव, ओलावा आणि ‘जाडसर’मधल्यासारखं माप यांच्यापलीकडे फारसा जात नाही.

इंडोनेशियन हेच काम द्विरुक्तीने करते. ‘लांगित’ आकाश, ‘लांगित-लांगित’ छत. ‘ओरांग’ माणूस, ‘ओरांग-ओरांगान’ बुजगावणं. ‘मोबिल’ मोटार, ‘मोबिल-मोबिलान’ खेळण्यातली मोटार. ‘मेराह’ लाल, ‘केमेराह-मेराहान’ लालसर. द्विरुक्ती दिसली की अनेकवचन धरायचं, ही नवशिक्याची सवय इथे अंगाशी येते.

शेजारीच ‘चहाबिहा’ बसतो: चहा आणि त्यासारखं काहीतरी. हेही साम्यच, फक्त उपमान एक आणि उपमेयं न सांगितलेली. हिंदी यासाठी ‘व’ घालते, द्राविडी भाषा ‘गि’ (‘पुलि-गिलि’, वाघबिघ), तुर्की ‘म’ (‘किताप मिताप’, पुस्तकंबिस्तकं). तुर्कीत शब्दच ‘म’ने सुरू होत असेल तर ही युक्ती चालत नाही आणि ‘फालान’ हा शब्द मदतीला घ्यावा लागतो. अशी अडलेली जागा शोधून ठेवा. नियमाची हद्द तिथे कळते.

पायरी ९: शब्द आला कुठून, ते एकदा पाहा

व्युत्पत्ती हा पुरावा नाही, पण शब्द कोणत्या कामाकडे झुकेल याचा अंदाज त्यातून येतो. मराठी ‘सारखा’ संस्कृत ‘सदृक्ष’वरून आला, ‘जसा’ ‘यादृश’वरून, दोन्हींत ‘दृश्’, म्हणजे बघणं. इंग्रजी ‘लाइक’च्या मुळाशी शरीर या अर्थाचा जुना शब्द आहे. मंडारिन ‘श्यांग’ म्हणजे प्रतिमा. रूपावरून आलेले असे शब्द गुणाच्या साम्यात घट्ट असतात. स्पॅनिश ‘कोमो’ लॅटिन ‘क्वोमोदो’, म्हणजे ‘कोणत्या रीतीने’, यातून आला. हिंदी ‘तरह’ही रीतीचाच, अरबीतून आलेला. मापावरून आलेले शब्द मात्रेकडे जातात, जसा तुर्की ‘कदार’, जो अरबीतल्या ‘प्रमाण, मोजमाप’ या अर्थाच्या शब्दावरून आला. याला मराठीनेच तडा दिला आहे: ‘प्रमाणे’ मापातून निघाला आणि रीतीत जाऊन बसला. हिंदी ‘बराबर’ आणि मराठी ‘बरोबर’ फारसीतल्या ‘छातीला छाती’ या अर्थाच्या जोडशब्दाचे वंशज. हिंदीत तो समतेचा राहिला, मराठीत सोबतीचा आणि अचूकपणाचा झाला. समता ‘बरोबरी’त उरली.

पायरी १०: नोंद

प्रत्येक वाक्य चार ओळींत लिहा: बोललं तसं, मग तुकडे पाडून, मग प्रत्येक तुकड्याखाली त्याचा अर्थ, शेवटी सरळ मराठी. समासात पाच भागांची खूण करा आणि कोणता भाग अनुच्चारित आहे तेही लिहा. रिकामी जागा ठेवू नका, कारण महिन्याभराने ती ‘नव्हता’ की ‘विचारायचं राहिलं’ हे सांगता येत नाही. सांगणाऱ्याने नाकारलेली वाक्यं फुलीची खूण करून त्याच पानावर ठेवा. एकाने स्वीकारलं आणि दुसऱ्याने नाकारलं, तर दोन्ही मतं लिहा. सरासरी काढू नका.

ठरीव उपमांना शेवटी वेगळं पान द्या. ‘कडूजहर’, ‘थंडगार’, ‘पिवळाधमक’ यांत साम्य कधी उघड असतं, कधी पार विरून गेलेलं असतं आणि उरलेला शब्द फक्त जोर देतो. जर्मन ‘श्नेवाइस’मध्ये बर्फ अजून दिसतो, ‘पिवळाधमक’मधला ‘धमक’ कशासारखा, हे बोलणाऱ्याला सांगता येणार नाही. असे शब्द नियमाच्या तक्त्यात घातले तर तक्ता बिघडतो. त्यांच्यापुढे कोणत्या विशेषणाला कोणती जोड लागते, तेवढं लिहून ठेवा.